विश्लेषण : हॉल, विमान, मॉल आणि मोबाइल… दुसऱ्याच्या जागेत अभिव्यक्ती स्वातंत्र्य कुठवर?

फेसबुकने पोस्ट उडवली, यूट्यूबने व्हिडीओ खाली उतरवला किंवा हॉलच्या मालकाने ऐन वेळी कार्यक्रम रद्द केला, की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘हा माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला आहे.’ भावना समजण्यासारखी आहे. कायदा मात्र लगेच प्रतिप्रश्न विचारतो. घाला घातला कोणी? सरकारने, की जागेच्या मालकाने? आणि मालकाने घातला असेल तर स्वतःच्या मर्जीने, की कुणाच्या तरी धाकाने? तुमच्या हाती काय उरते, हे या उत्तरांवर ठरते. मुंबईत खारच्या एका स्टुडिओपासून कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंतच्या काही प्रकरणांतून हे समजून घेऊ.

घटनेने दिलेला हक्क नेमका कोणाविरुद्ध?

राज्यघटनेचा अनुच्छेद १९ (१) (अ) नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद १९ (२) त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यसंस्थेला देतो, पण त्यासाठी कारणे आठच : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीबाहेरचे कारण काढून सरकारला तुमचे तोंड बंद करता येत नाही.

‘राज्यसंस्था’ म्हणजे कोण, हे अनुच्छेद १२ सांगतो. केंद्र आणि राज्य सरकारे, संसद, विधिमंडळे, महापालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्था आणि सरकारच्या नियंत्रणाखालील इतर प्राधिकरणे त्यात येतात. तुमच्या गल्लीतला बँक्वेट हॉल, मॉल, खासगी विमान कंपनी, गूगल, मेटा, एक्स यांपैकी कोणीही त्यात येत नाही. हॉलच्या मालकाला त्या आठपैकी एकही कारण दाखवावे लागत नाही. ‘आम्हाला वाद नको’ एवढे म्हणून तो अनामत रक्कम परत करू शकतो. फार तर करार मोडला म्हणून नुकसानभरपाई मागता येईल, मूलभूत हक्क मोडला म्हणून नाही. निदान सर्वसाधारण नियम असा आहे. त्याला पडलेले तडे पुढे पाहू.

मग दुसऱ्याच्या जागेत बोलण्याचा हक्क नाहीच?

या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल १९६९ चा आहे : रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग. रेल्वेच्या आवारात कामगारांच्या सभा घेता येतील का, असा वाद होता. न्यायालय म्हणाले, सभा घेण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून ती दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत घेण्याचा हक्क मिळत नाही. दुसऱ्याचा मालमत्तेचा हक्क आडवा आला की हे स्वातंत्र्य तिथे संपते. विशेष म्हणजे ही जागा सरकारी रेल्वेची होती. म्हणजे सरकारसुद्धा जागामालक म्हणून ‘इथे सभा नको’ म्हणू शकते. मग खासगी मालकाची काय कथा!

रस्ते आणि मैदाने यांचे गणित वेगळे. हिम्मतलाल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन पोलीस करू शकतात, पण परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर सोडता येत नाही. मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला अटी घालतात, वेळ आणि संख्या ठरवून देतात, ती या नियमनाची हद्द. मैदानाच्या बाबतीत निदान कोर्टात जाऊन ‘ही अट वाजवी नाही’ असे म्हणता येते. मॉलच्या बाबतीत ते म्हणता येत नाही.

शहरांची अडचण इथेच आहे. लोक जमायचे चौक आणि मैदाने कमी होत गेली, गर्दी मॉलमध्ये, बिझनेस पार्कात, गेट असलेल्या वसाहतींत गेली. मॉलमध्ये कोणीही फिरू शकतो म्हणून तो आपल्याला सार्वजनिक वाटतो. पण तिथे फलक धरून उभे राहिलात आणि सुरक्षारक्षकाने बाहेर जायला सांगितले, तर जावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार आधी रीतसर आत आलेली व्यक्तीही धमकावण्याच्या, अपमानाच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने बेकायदा तिथेच थांबली, तर ते फौजदारीपात्र अतिक्रमण ठरू शकते. गृहनिर्माण सोसायटीचेही तसेच. सरकारी मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाह्य नसलेली सहकारी संस्था ही अनुच्छेद १२ मधली ‘राज्यसंस्था’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावरून तुमचे पत्र काढले म्हणून थेट मूलभूत हक्कांची भाषा तिथे चालत नाही. उपविधी आणि निबंधक कार्यालय हाच मार्ग.

‘हॅबिटॅट’मध्ये दार कोणी लावले?

आतापर्यंतचे सगळे सोपे होते, कारण मालक स्वतःच्या मर्जीने ‘नाही’ म्हणतो असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. मार्च २०२५ मधले कुणाल कामरा प्रकरण त्यासाठी मुळातून पाहण्यासारखे आहे.

कामरा यांनी खारच्या ‘द हॅबिटॅट’ या खासगी स्टुडिओत केलेल्या कार्यक्रमाचा व्हिडीओ यूट्यूबवर आला. त्यातले एक विडंबनगीत उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना उद्देशून असल्याचा आक्षेप घेत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी २३ मार्चच्या रात्री स्टुडिओची तोडफोड केली. पोलिसांनी कामरांविरुद्धही गुन्हा नोंदवला आणि तोडफोड करणाऱ्यांविरुद्धही. तोडफोड प्रकरणात बारा जणांना अटक झाली आणि जामीनही लगेच मिळाला. दुसऱ्या दिवशी मुंबई महापालिकेचे पथक तिथे पोहोचले आणि बांधकामाच्या काही भागावर हातोडा पडला. ही कारवाई अनधिकृत बांधकामावरची, असे पालिकेचे म्हणणे होते. ती नेमकी त्याच दिवशी व्हावी, हे मात्र कुणाच्याच नजरेतून सुटले नाही. स्टुडिओने आपण कलाकाराच्या मजकुराला जबाबदार नसल्याचे सांगत तूर्त टाळे लावले.

पुढे आणखी दोन दारे बंद झाली. एका संगीत कंपनीने स्वामित्व हक्काचा दावा केल्यामुळे यूट्यूबवरील व्हिडीओवर गदा आल्याची तक्रार कामरांनी केली. आणि एप्रिलच्या सुरुवातीला ‘बुकमायशो’ या तिकीट विक्री करणाऱ्या मंचावरून त्यांचे नाव दिसेनासे झाले. त्याआधी शिवसेनेच्या एका पदाधिकाऱ्याने कंपनीला तशी विनंती करणारे पत्र पाठवले होते. आपण फक्त तिकीटविक्रीची सोय करतो, कार्यक्रम सूचीत ठेवायचा की काढायचा हे आयोजक आणि सभागृहे ठरवतात, अशी कंपनीची भूमिका होती.

आता मोजा. जमाव, पोलीस, महापालिका, स्टुडिओ, संगीत कंपनी, यूट्यूब, तिकीटविक्रेता. यांपैकी घटनेच्या अर्थाने ‘राज्यसंस्था’ फक्त दोन : पोलीस आणि महापालिका. कामरांना न्यायालयाकडून जो दिलासा मिळाला तोही यांपैकी एका आघाडीवरच. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्याची त्यांची याचिका दाखल करून घेतली आणि ती प्रलंबित असेपर्यंत अटक करू नये, असा आदेश दिला. स्टुडिओचे टाळे किंवा तिकिटांच्या ॲपवरचे गायब झालेले नाव यांवर अटकेपासूनच्या संरक्षणाचा काहीच उपयोग नाही. विनोद करणारा माणूस तुरुंगाबाहेर राहिला, पण विनोद करायला जागा उरली नाही, अशी स्थिती यातून येऊ शकते. प्रेक्षकांना त्याचा विनोद आवडतो की नाही, हा इथे प्रश्नच नाही.

जमाव आला तर सरकारची जबाबदारी काय?

यावर कायदा पुरेसा स्पष्ट आहे, अंमलबजावणीचे काय ते सोडा. १९८९ च्या एस. रंगराजन प्रकरणात एका तमिळ चित्रपटाला विरोध होता. निदर्शने होतील, हिंसा होईल म्हणून चित्रपट थांबवा, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. विरोध करणाऱ्यांना आवरणे हे सरकारचे काम आहे. ते जमत नाही म्हणून बोलणाऱ्याला गप्प करणे म्हणजे धमकीपुढे शरणागती, असा त्याचा आशय.

त्याहून नेमके प्रकरण पश्चिम बंगालचे. ‘भोबिश्योतेर भूत’ हा उपरोधिक बंगाली चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झाला आणि दुसऱ्याच दिवशी बहुतेक चित्रपटगृहांतून उतरला. सरकारचा कोणताही लेखी बंदी आदेश नव्हता. चित्रपटगृहांचे मालक खासगी, निर्णय त्यांचा, मग तक्रार कोणाविरुद्ध करणार? सर्वोच्च न्यायालयाने त्यामागे पोलीस यंत्रणेचा हात असल्याचे पाहिले. कायद्याने दिलेला अधिकार न वापरता पडद्याआडून दबाव आणून चित्रपट उतरवणे, ही अभिव्यक्तीची गळचेपीच आहे, असे म्हणत न्यायालयाने राज्य सरकारला निर्माते आणि चित्रपटगृह मालक यांना २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. नुसते स्वतः आड येऊ नका एवढेच नाही, तर बोलणाऱ्याला संरक्षण द्या, हेही सरकारचे कर्तव्य असल्याचे या निकालात आहे.

माझ्या मते ‘खासगी जागा आणि अभिव्यक्ती’ या चर्चेतला सर्वांत कामाचा निकाल हाच. दाराला कुलूप मालकाचे असले, तरी ते लावायला कोणी लावले, हे न्यायालय पाहू शकते. अडचण एकच : ते सिद्ध करावे लागते. फोनवरून आलेल्या ‘सल्ल्या’चा कागद नसतो.

विमानातला प्रसंग कोणत्या खान्यात बसतो?

यातही नाव कामरांचेच आहे. २८ जानेवारी २०२० रोजी मुंबई-लखनऊ इंडिगो विमानात त्यांनी पत्रकार अर्णब गोस्वामी यांना त्यांच्या आसनापाशी जाऊन प्रश्नांच्या फैरी झाडल्या आणि व्हिडीओ समाजमाध्यमांवर टाकला. इंडिगोने सहा महिन्यांची प्रवासबंदी घातली. विमानातल्या माणसाला उठून दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून तिथे वर्तनाचे नियम कडक असणे योग्यच. कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणे हा काही भाषणस्वातंत्र्याचा आदर्श नमुना नव्हे.

पण नियम कंपनीलाही असतात. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांनुसार बेशिस्त प्रवाशाबाबत निर्णय अंतर्गत समितीने ३० दिवसांत द्यायचा, तोवरची तात्पुरती बंदी ३० दिवसांपर्यंतच, आणि शाब्दिक त्रासासाठी जास्तीत जास्त तीन महिने. इंडिगोच्या समितीने पुढे बंदी तीन महिन्यांवर आणली. खुद्द त्या विमानाच्या वैमानिकानेही, आपल्याला न विचारता ही कारवाई झाली, असे पत्र कंपनीला लिहिले होते.

त्यातला खरा कळीचा भाग वेगळाच होता. त्या वेळचे नागरी विमान वाहतूक मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी इतर विमान कंपन्यांनाही तशीच बंदी घालण्याचा सल्ला जाहीरपणे दिला आणि एअर इंडिया, स्पाइसजेट, गोएअर यांनी तो पाळला. ज्या विमानात काही घडलेच नाही, त्या कंपन्यांनी बंदी घातली. शिवाय एअर इंडिया तेव्हा सरकारी मालकीची होती, म्हणजे सरळसरळ ‘राज्यसंस्था’. आज ती टाटा समूहाकडे आहे. तीच बंदी, तेच विमान, पण मालक बदलला की प्रवाशाचा घटनात्मक हक्कही बदलतो, हे ऐकायला विचित्र वाटते. कायदा मात्र असाच चालतो.

अमेरिकेत काय होते?

अमेरिकेतही मुळात हक्क सरकारविरुद्धच आहे. तरी १९४६ च्या मार्श विरुद्ध अलाबामा या खटल्यात, अख्खे गावच एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे असेल तर त्या गावाच्या पदपथावर धार्मिक पत्रके वाटणाऱ्याला कंपनी अडवू शकत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे मॉलच्या बाबतीत न्यायालयाने हात आखडता घेतला. मात्र १९८० च्या प्रूनयार्ड खटल्यात, एखाद्या राज्याने आपल्या राज्यघटनेतून मॉलमध्ये शांतपणे सह्या गोळा करण्याचा हक्क दिला तर तो चालेल, असे म्हटले. कॅलिफोर्नियात म्हणूनच तो हक्क आहे, बऱ्याच राज्यांत नाही. समाजमाध्यमे म्हणजे नवे ‘कंपनीचे गाव’ आहेत, हा युक्तिवाद तिथल्या न्यायालयांत अनेकदा झाला, पण टिकला नाही. २०२४ मध्ये टेक्सास आणि फ्लोरिडाच्या कायद्यांवरील खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने, कोणता मजकूर ठेवायचा आणि कोणता गाळायचा ही निवड म्हणजे कंपनीचीच अभिव्यक्ती, अशी दिशा दाखवली. संपादकाने कोणते पत्र छापायचे हे ठरवावे, तसे.

आपल्याकडे ऑनलाइन जागेचा मालक कोण?

सर्व्हर कंपनीचा, ॲप कंपनीचे, नियमही कंपनीचे. इंजिनीअरिंगला असताना सॉफ्टवेअर टाकताना ‘आय ॲग्री’वर न वाचता टिचकी मारायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागते, त्या एका टिचकीत आपण हॉलच्या भाडेकरारावर सही करतो. कंपनी तुमचा मजकूर हटवू शकते, त्याची पोहोच कमी करू शकते, खाते गोठवू शकते.

ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांना २०१९ मध्ये याचा अनुभव आला. नाझी सलाम करण्यास नकार देऊन गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाचे, ऑगस्ट लँडमेसरचे, जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांच्या ट्विटर खात्यावर होते. द्वेष पसरवणारे चित्र म्हणून खाते बंद झाले. चित्र नाझींच्या विरोधातले आहे, हे यंत्रणेला कळले नाही. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. लाखो लोक जिथे सार्वजनिक चर्चा करतात तो मंच सार्वजनिक कार्यच करतो, असा त्यांचा मुद्दा होता. आपण खासगी कंपनी असून आपल्याविरुद्ध रिट चालत नाही, असे ट्विटरचे म्हणणे. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय ‘कोणत्याही व्यक्ती वा प्राधिकरणा’ला आदेश देऊ शकते आणि सार्वजनिक कर्तव्य पार पाडणारी खासगी संस्थाही त्यात येऊ शकते, एवढा दरवाजा कायद्यात उघडा आहे. समाजमाध्यमे त्यातून आत येतात का, हा वाद आहे.

सरकार कंपनीला सांगते तेव्हा…

ऑनलाइन जगात ‘भोबिश्योतेर भूत’सारखी परिस्थिती रोज घडते, फरक इतकाच की तिला कायद्याचा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली केंद्र सरकार मजकूर वा खाते रोखण्याचा आदेश देऊ शकते. त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे, आणि नियम १६ नुसार ते सगळे गोपनीय. दुसरा मार्ग कलम ७९ चा. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी मध्यस्थ कंपनीला जबाबदार धरले जात नाही, हे संरक्षण या कलमाने दिले आहे. पण सरकारने बेकायदा मजकुराची सूचना देऊनही तो काढला नाही, तर संरक्षण जाते. कंपनी अर्थातच धोका पत्करत नाही, मजकूर काढते.

इथे २०१२ ची पालघरची घटना आठवावी लागते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न करणाऱ्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केले. ही बाजू सर्वांना ठाऊक आहे. त्याच निकालात आणखी दोन गोष्टी होत्या. कलम ७९ खाली मजकूर काढण्याची सक्ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानेच होईल आणि तोही १९ (२) च्या कारणांत बसणारा हवा. आणि कलम ६९ अ खाली मजकूर रोखताना, तो लिहिणारा कोण हे माहीत असेल तर त्याचेही ऐकून घ्या.

दुसरी गोष्ट कागदावरच राहिली. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात भारत सरकारने आठ हजारांहून अधिक खाती रोखण्याचे आदेश दिल्याचे एक्सने जाहीर केले. बहुतेक खात्यांबाबत कोणत्या पोस्टने कायदा मोडला हे सांगितलेच नाही, असाही कंपनीचा दावा होता. खातेदाराच्या हाती फक्त ‘भारतात उपलब्ध नाही’ ही पाटी येते. मार्च २०२५ मध्ये या गोपनीयतेला आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली आहे.

आता खरी मेख. अशा आदेशांसाठी केंद्राने ‘सहयोग’ हे पोर्टल सुरू केले. एक्सने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि म्हटले, अनुच्छेद १९ नागरिकांसाठी आहे. परदेशी कंपनीला तो मागता येणार नाही. कंपनीने अपील करण्याचे जाहीर केले. कायद्याचा अर्थ म्हणून हे बरोबर असेलही. पण दोन्ही टोके जोडून पाहा. सरकारचा आदेश कंपनीला मिळतो, तिला अनुच्छेद १९ चा हक्क नाही. हक्क लिहिणाऱ्याला आहे, त्याला आदेशच मिळत नाही. आणि लिहिणारा कंपनीकडे गेला तर कंपनी म्हणते, आम्ही राज्यसंस्था नाही. ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्याकडे कागद नाही, ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याकडे हक्क नाही.

हॅबिटॅटच्या बाबतीत निदान महापालिकेचा हातोडा कॅमेऱ्यात दिसला होता.

खासगी कंपनीविरुद्ध मूलभूत हक्क कधीच मागता येणार नाही?

३ जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ बहुमताने म्हटले की अनुच्छेद १९ आणि २१ मधले हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतील. न्या. नागरत्ना यांनी या मुद्द्यावर वेगळे मत मांडले. प्रकरण मुळात एका मंत्र्याच्या वक्तव्याचे होते, समाजमाध्यमांचे नव्हे. त्यामुळे हा हक्क कोणत्या कंपनीविरुद्ध, कोणत्या न्यायालयात, कसा बजावायचा याचा तपशील निकालात नाही. शिवाय ही दुधारी तलवार आहे. वापरकर्त्याला कंपनीविरुद्ध हक्क मिळाला, तर उद्या शिवीगाळ करणाराही ‘मला ब्लॉक का केले’ म्हणून दारात उभा राहील, आणि छोट्या संकेतस्थळालाही आपल्या पानावर काय ठेवायचे हे ठरवता येणार नाही.

केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत एक ओळ घातली : मध्यस्थ कंपन्यांनी अनुच्छेद १४, १९ आणि २१ सह नागरिकांच्या घटनात्मक हक्कांचा आदर करावा. ओळ चांगली आहे, फारशी वापरली मात्र जात नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन कोण लागतो?

छोटा जागामालक म्हणा. तो कुणालाही ग्रुपबाहेर काढू शकतो, त्यासाठी कारण देण्याची गरज नाही. उलट बाजूने, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. त्याचा सामाईक हेतू किंवा आधीचा कट दिसला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात सांगितले आहे. लिहिणारा मात्र स्वतः जबाबदार असतोच. ग्रुप ‘खासगी’ आहे म्हणून बदनामीचा किंवा चिथावणीचा गुन्हा टळत नाही.

पोस्ट उडाली तर काय करता येते?

आधी स्क्रीनशॉट, मूळ दुवा आणि कंपनीचा संदेश जपून ठेवा. त्या संदेशात ‘आमच्या नियमांचा भंग’ लिहिले आहे की ‘कायदेशीर मागणीनुसार’, हे पाहा. पुढचा रस्ता त्यावर ठरतो. कंपनीच्या नियमांचा मामला असेल तर तिच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. भारतात ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या मोठ्या मंचांनी स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला आधी कारण कळवावे आणि दाद मागण्याची संधी द्यावी, असे २०२१ च्या नियमांत आहे. तिथे समाधान न झाल्यास ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. त्यांच्या नेमणुका सरकारच करते, त्यामुळे तक्रार सरकारवरच्या टीकेची असेल तर या मार्गाची मर्यादा लक्षात घ्यावी.

‘कायदेशीर मागणीनुसार’ असे लिहिले असेल तर तुमची तक्रार कंपनीशी नसून सरकारशी आहे आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय हा मार्ग खुला आहे. आदेशाची प्रत मागण्यापासून सुरुवात करावी लागते. ती मिळायला हवी की नाही, यावरच सध्या सर्वोच्च न्यायालयात वाद सुरू आहे.